सगळं ठीक आहे, वहिनी

दुबईतल्या जबल अलीच्या त्या ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला की पलीकडचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असायचं. ‘माझं फोल्डर उघडत नाहीये.’

आमची कंपनी मालाची ने-आण करणारी. गोदामं बंदराच्या बाजूला आणि आम्ही बसायचो ते ऑफिस त्यांच्याच अंगाला चिकटून. सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर होत्या. प्रत्येक विभागाचं एक सामायिक फोल्डर आणि त्याला एक अक्षर. अकाउंट्सचा एफ ड्राइव्ह, गोदामाचा डब्ल्यू, आणि गिऱ्हाइकांना सांगायचे दर ज्यात ठेवलेले असत तो आर. कोणाला काय उघडेल, कोणाला नुसतं वाचता येईल आणि कोणाला त्यात लिहिता येईल, हे मी ठरवलेलं असायचं. म्हणजे ठरवायचे मॅनेजर, पण बटणं माझ्या हातात. तिशी नुकतीच ओलांडली होती. बायको आणि चार वर्षांची मुलगी शारजात माझ्याजवळ होत्या. त्या बटणांचा मला जरा अभिमानच होता, हे कबूल करतो.

कामात गंमतही असायची. ईदची सुट्टी संपली की अर्धं ऑफिस पासवर्ड विसरून यायचं.

‘काय टाकलात?’ मी विचारायचो.

‘नेहमीचाच.’

‘सुट्टीआधी बदलायला सांगितला होता ना?’

‘सांगितला होता म्हणून तर बदलला. आता नेहमीचा चालत नाही म्हणतंय! तुम्हीच काहीतरी केलंय.’

आणि खरोखर, काहीही झालं तरी मीच काहीतरी केलेलं असायचं. कॅप्स लॉक चालू राहिला तरी माझी चूक. मीही सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो: काही नाही, बघतो, होईल ठीक. डॉक्टर जसे पेशंटशी बोलतात तसा एक आवाज मी त्यासाठी कमावला होता.

आर ड्राइव्हवर मुख्यतः काम करायचे ते दादा. मी त्यांना दादा म्हणायचो, ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मूळ पुण्याचे. शारजातल्या अल मजाजला आमच्याच इमारतीत दोन मजले खाली एका खोलीत एकटे राहायचे. वहिनी पुण्यात बँकेत नोकरीला होत्या आणि मुलगा शाळेत, म्हणून कुटुंब तिकडेच. शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी दादा आमच्याकडे जेवायला. माझी मुलगी त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि ते तिला मराठीत चिडवायचे: ‘मडमेला वरण चालतं का विचार!’ मला गाडीचं लायसन्स मिळालेलं नव्हतं, दोनदा टेस्टमध्ये नापास झालो होतो. दादा रोज पहाटे मला आपल्या गाडीतून जबल अलीला न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. पेट्रोलचे पैसे द्यायला गेलो तर म्हणायचे, ‘त्यापेक्षा एकदाचा पास हो लेका.’

त्या सकाळी गाडीत ते फार खुशीत होते.

‘आज वहिनीसाहेब अर्ज देणार,’ म्हणाले.

‘कसला अर्ज?’

‘अरे, महिनाभर तुला तेच सांगतोय! बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आलीय. आज शेवटचा दिवस. बाई तयारच नव्हती. म्हणते, ब्रँचमध्ये माझी खुर्ची आहे, माझी माणसं आहेत, तुमच्या वाळवंटात येऊन मी काय करू?’

‘मग?’

‘मग काय. म्हटलं, पोरगा कॉलेजात गेला की तोही उडाला. त्याच्या आत चार वर्षं तरी आपण तिघं एका घरात राहू. तेव्हा कुठे तयार झाली.’ मग म्हणाले, ‘पण भ्यायलीय. एकदा अर्ज दिला की परत घेता येत नाही. काल रात्री म्हणाली, तुमची नोकरी पक्की आहे ना, ते एकदा नीट सांगा. मी म्हटलं, मी गेलो तर दर कोण काढणार, शेख?’

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा मला खरोखर काही माहीत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या दिवसातलं माझ्या बाजूचं तेवढं एकच वाक्य खरं आहे.

ऑफिसात पोचून तासभर झाला असेल. ॲडमिनच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. हा माणूस लेबनानी, एरवी दिलखुलास, हबीबीशिवाय वाक्य नाही. त्या दिवशी तो माझ्याकडे न बघता बोलला. दर काढायचं काम आता हेड ऑफिस करणार. दादांची जागा बंद. जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, अबू धाबीला गेलाय, तो दुपारच्या जेवणानंतर येईल आणि स्वतः त्यांना सांगेल.

‘तोवर तुझी पद्धत,’ तो म्हणाला. ‘आधी ॲक्सेस बंद, मग माणसाला निरोप.’

ती पद्धत खरंच माझी होती. आदल्या वर्षी एका सेल्समनला नोटीस मिळाली, आणि त्याच दिवशी तो सगळे दर फ्लॉपींवर उतरवून घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला. त्यानंतर मीच मीटिंगमध्ये सुचवलं होतं की काढायच्या माणसाचं फोल्डर त्याला कळण्याआधी बंद करावं. माझं कौतुक झालं होतं. ते मी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत दादांनाही. दादा म्हणाले होते, ‘डोकं आहे तुला.’

मी मॅनेजरला विचारलं, त्यांना आत्ताच सांगता येणार नाही का?

‘जीएमच सांगणार. खलास.’ मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तू त्याच्याच गाडीतून येतोस ना? त्याला आधी कळलं, तर कोणाकडून कळलं हे मला शोधावं लागणार नाही.’

बँकेच्या अर्जाचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर त्या माणसाने कदाचित काही केलंही असतं, त्यालाही बायको-मुलं होती. पण त्याच्या त्या वाक्यानंतर मी नुसतं ‘ओके’ म्हणालो. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि माझ्या व्हिशावर बायकोचा आणि मुलीचा व्हिसा. हे कारण खरं आहे. पण खरं कारण तेवढंच नाही. वरच्या माणसांनी दार लावून मला आत घेतलं होतं आणि त्या लावलेल्या दाराच्या आत असणं मला बरं वाटत होतं. हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

जागेवर येऊन मी आर ड्राइव्हच्या ग्रुपमधून दादांचं नाव काढलं. पूर्ण लॉगिन बंद करता आलं असतं, पण मग स्क्रीनवर स्पष्ट संदेश आला असता की तुमचं खातं बंद केलं आहे. नुसती फोल्डरची परवानगी काढली की यंत्र फक्त ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतं. तो रोजचा बिघाड वाटतो. मी मुद्दाम बिघाडासारखा दिसणारा मार्ग घेतला. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की त्यात सौजन्य आहे.

पण आमच्या सर्व्हरची एक खोड होती. माणूस सकाळी लॉग इन झाला की सर्व्हर त्याला एकदाच ओळखून घ्यायचा, आणि तो माणूस लॉग ऑफ होईपर्यंत ती ओळख चालू राहायची. दादा सकाळीच लॉग इन होऊन बसले होते. नाव काढूनही त्यांचं फोल्डर उघडंच. थोड्या वेळाने मॅनेजरचा फोन आला: ‘तो अजून काम करतोय. यल्ला, आटप लवकर.’

म्हणून मी उठलो आणि दादांच्या टेबलाशी गेलो.

‘दादा, सर्व्हरवर थोडं काम आहे. एकदा लॉग ऑफ होऊन परत या ना.’

‘आत्ता? कोटेशन अर्धं झालंय रे.’

‘सेव्ह करा. दोन मिनिटं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फाइल सेव्ह केली, लॉग ऑफ झाले, पुन्हा पासवर्ड टाकला. आर ड्राइव्हवर क्लिक केलं, आणि ते पाटीसारखं करडं चौकोनी खोकं समोर आलं.

‘घे! ॲक्सेस डिनाइड. केलास ना घोळ? चांगलं चाललं होतं माझं.’

‘बघतो,’ मी म्हणालो. ‘होईल ठीक.’

पुढचा सगळा वेळ मी जे केलं ते लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. मी त्यांना पासवर्ड पुन्हा टाकायला लावला. कॅप्स लॉक पाहिला. जोडलेला ड्राइव्ह तोडून परत जोडला. मशीन रीस्टार्ट केलं. टेबलाखाली शिरून नेटवर्कची केबल काढली, फुंकर मारली आणि परत लावली. वर दादा शेजारच्या केरळी सहकाऱ्याला सांगत होते, ‘हमारा डॉक्टर पेशंट के पेट में घुस गया है।’ तो हसला. मीही टेबलाखालून हसलो. दुसऱ्या मशीनवरून लॉग इन करून पाहू, असं मी म्हणालो, आणि पाहिलंही. नाव मीच पुसलं होतं, ते जगातल्या कुठल्याही मशीनवर उघडलं नसतं.

दादांची काळजी वेगळीच होती. एका गिऱ्हाइकाला दुपारपर्यंत दर द्यायचे होते. ‘जीएम आला की विचारेल, का नाही गेलं? त्याला काय सांगू, फोल्डर उघडत नव्हतं? तो म्हणेल, शाळेतल्या पोरासारखी कारणं देतोय.’ शेवटी ते उठले. ‘तू बस इथे, काढ काय ते. मी गोदामात जाऊन जुने कागद बघतो. हाताने करतो.’

ते गेले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसून राहिलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. टेबलावर त्यांच्या चष्म्याचं घर होतं आणि पॅन्ट्रीतून आणलेला अर्धा चहा. तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला.

‘हॅलो, कोण, भाऊजी का?’ वहिनी होत्या. मागे रस्त्याचे आवाज येत होते, त्या बूथवरून बोलत होत्या. ‘हे आहेत का?’

‘नाहीत वहिनी. गोदामात गेलेत.’

‘अगं बाई. कधी येतील?’

‘सांगता येत नाही. वेळ लागेल.’

‘बरं. तसं काही नाही. अर्ज घेऊन उभी होते, माझ्यापुढे दोघीच राहिल्या होत्या. तशीच रांग सोडून आले. म्हटलं एकदा ह्यांना विचारून येते.’ त्या हसल्या. ‘वेडेपणाच आहे. भाऊजी, कंपनीत सगळं ठीक आहे ना?’

आणि मी माझ्या त्या कमावलेल्या आवाजात म्हणालो, ‘सगळं ठीक आहे, वहिनी.’

‘नक्की ना? देऊ ना मग?’

‘द्या ना. दादा आज सकाळी गाडीत तेच सांगत होते. खूप खुश आहेत.’

‘तुम्ही म्हणताय तर बरं वाटलं. जाते, नंबर जाईल माझा.’

फोन ठेवला गेला.

मला गुपित फोडायची गरजच नव्हती. ‘थांबा वहिनी, दादांना गोदामातून बोलावतो,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ‘मला कल्पना नाही,’ म्हटलं असतं तरी त्या कदाचित थांबल्या असत्या. गोदाम पाच मिनिटांवर होतं, मी पळत गेलो असतो. त्यातल्या कशानेही माझा व्हिसा गेला नसता. पण त्या थांबल्या असत्या तर संध्याकाळी कोणीतरी विचारलं असतं की त्या का थांबल्या, आणि बोट माझ्याकडे वळलं असतं. एवढा दूरचा हिशेब माझ्या मनाने वहिनींचं वाक्य संपायच्या आत केला. लोकांना धीर द्यायची सवय होती म्हणून तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. मी विचार करून बोललो.

दादा परत आले तेव्हा कागदांच्या धुळीने त्यांचा शर्ट मळला होता. ‘उघडलं?’ त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. वहिनींचा फोन आला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी हाताने दर काढून फॅक्स केला. मग जीएम आला आणि त्यांना बोलावणं आलं. ते केबिनमधून बाहेर आले तेव्हा पुण्यातली बँक त्या दिवसापुरती बंद झालेली होती. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. जागेवर येऊन त्यांनी घरी फोन लावला. मी माझ्या जागेवरून त्यांची पाठ पाहत होतो. पलीकडून वहिनी बोलत होत्या, ते ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, ‘पेढेसुद्धा वाटलेस?’

संध्याकाळी मी कंपनीच्या बसने जायचं ठरवलं होतं. पार्किंगपाशी त्यांनीच हाक मारली. ‘चल की. कुठे निघालास?’

शारजापर्यंत तासाभराचा रस्ता. डाव्या हाताला दुबई मरीनाचं खोदकाम चाललेलं, क्रेनवरचे दिवे लागलेले. दादा नेहमीसारखेच गाडी चालवत होते.

‘तिने तुला फोन केला होता म्हणे,’ ते म्हणाले.

‘हो. तुम्ही गोदामात होतात.’

‘सांगितलं नाहीस.’

‘त्या फोल्डरच्या गडबडीत राहून गेलं.’

‘हं.’ पुढच्या सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, ‘ते फोल्डर बिघडलं नव्हतं ना रे? त्यांनी बंद केलं होतं.’

‘हो.’

‘तुला माहीत होतं?’

सिग्नल लाल होता. ते माझ्याकडे वळून पाहत होते.

‘नाही दादा,’ मी म्हणालो. ‘हेड ऑफिसमधून केलं असणार. मला नंतर कळलं.’

ते बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा सैल झाला. ‘बरं झालं. नाहीतर मला वाटत होतं, तू टेबलाखाली शिरलास तेव्हा तुला... जाऊ दे. माणूस काहीही विचार करतो.’

त्यांना तिथे दुसरी नोकरी मिळाली नाही. व्हिशाची मुदत संपायच्या आत ते पुण्याला परतले. जाताना गाडी विकली आणि प्रेशर कुकर आम्हाला दिला.

पुढच्या वर्षी सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. न जाणं जास्त संशयास्पद दिसलं असतं, म्हणूनही गेलो. खजूर आणि बदाम नेले. दादा एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला लागले होते, पूर्वीच्या मानाने किरकोळ काम. वहिनी घरी. पोहे देता देता म्हणाल्या, ‘अजून सकाळी माझा डबा भरून ठेवते मी. मग आठवतं आणि दुपारी घरीच खाते.’ हसून सांगितलं. दादा हसले नाहीत.

‘पाच मिनिटं थांबली असतीस, मी परत आलोच होतो,’ ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात नवीन नाही, हे वहिनींनी पदर खोचला त्यावरूनच कळलं.

‘अहो, भाऊजी म्हणाले ना सगळं ठीक आहे.’

‘त्याला काय माहीत? तो कॉम्प्युटरवाला. नवऱ्याची नोकरी पक्की आहे का, हे शेजाऱ्याला विचारतात? मला विचारायचं होतंस.’

‘बरं बाई, चुकलं माझं. पाहुण्यांसमोर किती वेळा तेच?’ मग माझ्याकडे वळून, ‘तुम्ही मनावर घेऊ नका हं. तुम्हाला तरी काय कल्पना!’

मी बशीतले पोहे संपवले. तिथे, त्या खोलीत, एका वाक्यात मी त्या बाईला मोकळं करू शकलो असतो. मी ‘थोडं लिंबू आहे का?’ असं विचारलं.

त्यानंतर कितीदा तरी भेटलो. मी स्वतः परत आलो, पुण्यातच स्थिरावलो. त्यांच्या मुलाच्या लग्नाला गेलो. प्रत्येक भेटीत कधी ना कधी त्या अर्जाचा विषय निघायचा, आणि प्रत्येक वेळी घाई वहिनींची ठरायची. हळूहळू त्या स्वतःच तसं सांगू लागल्या: मीच घाई केली, माझाच स्वभाव असा. मुलगाही म्हणायचा, ‘आईचं म्हणजे असंच.’ माझं एक खोटं त्या घरात वहिनींच्या स्वभावाचा भाग होऊन बसलं होतं, आणि मी तिथे आवडता पाहुणा होतो.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी फोन केला. काही निमित्त घडलं नव्हतं, कोणी आजारी नव्हतं. दुपारी घरी एकटा होतो आणि लावला. वहिनींनी उचलला. मी आधी ठरवलेली सुरुवात विसरलो, आणि केबिनच्या दारापासून सगळं सांगितलं. नाव मी काढलं, लॉग ऑफ मी करायला लावलं, केबल उगाच फुंकली. तुमचा फोन आला तेव्हा मला सगळं माहीत होतं.

मला वाटलं फोन कट झाला.

‘वहिनी?’

‘ऐकतेय.’ मग म्हणाल्या, ‘इतकी वर्षं मी देवापुढे बसले की म्हणायचे, मला धीर धरायला शिकव.’

मी माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, ‘हे मला सांगून नाही भागायचं. ह्यांना देते.’ आणि फोन लांब धरून: ‘अहो, इकडे या. भाऊजींचा फोन आहे. बसून ऐका.’

‘बोल रे,’ दादा आले. आवाज म्हातारा झालाय, पण माझ्यासाठी त्यात तोच जुना आनंद होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. ते गेलं नाही.

त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला. ‘गाडीत मी तुला विचारलं होतं ना?’

‘हो.’

त्यांनी फोन बंद केला नाही, टेबलावर ठेवून दिला असावा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग त्यांची सावकाश जाणारी पावलं. आत कुठेतरी नळ चालू होता. ‘अगं,’ ते म्हणाले. ‘अगं, ऐक ना जरा.’ नळ बंद झाला.

ते पुढे काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी फोन बंद केला.